पंचेचाळीस अंशांवरचा हायड्रोजन

वाळूजच्या डायकास्टिंग शेडमध्ये हायड्रोजनचं नाव निघतं ते तक्रारीतच. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन ओढून घेतं. घट्ट होताना मात्र त्याला तो धरून ठेवता येत नाही, कारण द्रव ॲल्युमिनियमात मावणाऱ्या हायड्रोजनचा जेमतेम विसावा हिस्सा घन ॲल्युमिनियमात मावतो. उरलेला बारीक पोकळ्या करून आतच अडकतो, आणि मशिनिंगला गेलेला पार्ट पोरोसिटीच्या शिक्क्यासह परत येतो. पावसाळ्यात हे हटकून वाढतं. मग भट्टीत ग्राफाइटचा रोटर फिरवत नायट्रोजन सोडायचा आणि डीगॅसिंग करायचं. प्लेटिंगवाल्यांचं दुखणं याहून घातक. भारी ताकदीच्या बोल्टवर झिंक चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. काही तासांच्या आत बोल्ट ओव्हनमध्ये भाजून तो बाहेर काढला नाही, तर नीट आवळलेल्या बोल्टचं डोकं एक-दोन दिवसांनी, कुणाचा हात न लागता, तुटून पडतं.

धातूत हायड्रोजन नको, हे छत्रपती संभाजीनगरच्या कारखानदारीला असं अंगवळणी पडलेलं आहे. आणि याच मराठवाड्यात उलटा प्रश्न घेऊन संगणकापुढे बसणारी माणसंही आहेत: धातूत हायड्रोजन जास्तीत जास्त कसा भरता येईल? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून, टायटॅनियमचा अणू जोडलेल्या लहान सेंद्रिय रेणूंवर किती हायड्रोजन बसेल याची गणितं आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आली आहेत. तो मार्ग रेणूंचा. इथे मला बोलायचं आहे ते आंतरधातू संयुगांबद्दल, कारण तिथे या दोन जगांची गाठ पडायलाच हवी.

म्हणून हा संवाद. यातला मामा आणि त्यांची भाची ही कुणी ठरावीक माणसं नाहीत. पण डायकास्टिंगच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेले असे मामा सिडकोत गल्लोगल्ली सापडतील, आणि भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या अशा भाच्याही आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत.

मामा : आधी मला हे सांग. जो वायू धातूतून हाकलण्यात माझी सगळी नोकरी गेली, तो तू मुद्दाम आत भरायलीस. कशापायी?

भाची : जागेपायी, मामा. एक किलो हायड्रोजन साध्या दाबाला बारा घनमीटर जागा घेतो, म्हणजे एक छोटी खोली. दाबून भरायचा तर २०२० साली पुण्यात केपीआयटी आणि एनसीएलने चाचणी घेतलेली गाडी बघा. तिच्या टाकीत पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि दाब ३५० बार. द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. पण लँथॅनम आणि निकेलच्या एका संयुगात तोच वायू नेहमीच्या तापमानाला, दोन-चार बार दाबावर शिरतो. आणि स्फटिकाच्या आत तो इतका दाटीने बसतो, की द्रव हायड्रोजनलासुद्धा ती दाटी साधत नाही.

मामा : संयुग म्हणायलीस, मिश्रधातू नाही?

भाची : दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ पंचधातूची सांगतात ना, तो मिश्रधातू. ओतणाऱ्याने तांबं थोडं जास्त घातलं काय, कमी घातलं काय, तोफ होतेच. इथे तसं चालत नाही. लँथॅनमच्या एका अणूला निकेलचे पाचच अणू, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. त्या ठरलेल्या जागांच्या मधे ठरावीक मापाच्या फटी राहतात. हायड्रोजनचा रेणू पृष्ठभागावर फुटतो, त्याचे सुटे अणू त्या फटींत जाऊन बसतात.

मामा : आणि वजन?

भाची : तिथंच अडतं. शंभर किलो संयुगात दीड किलोही हायड्रोजन मावत नाही.

मामा : म्हणजे एका किलोला सत्तर किलो धातू. गाडीला पाच किलो लागला तर साडेतीन क्विंटल नुसती टाकीच. अगं, आम्ही ब्रॅकेटमधून पन्नास ग्रॅम कमी करायला महिनोन्‌महिने डोकं फोडायचो.

हा आक्षेप इतका रास्त आहे की पन्नास वर्षांत कुणालाच तो ओलांडता आलेला नाही. मॅग्नेशियम वजनाने हलकं, त्यात साडेसात टक्क्यांहून जास्त हायड्रोजन मावतो. पण तो परत मिळवायला तीनशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. मॅग्नेशियम-निकेलच्या संयुगाने लँथॅनम-निकेलच्या तुलनेत वजनाचा आकडा साडेतीनच्या वर नेला, तापमानाची अडचण मात्र तशीच ठेवली. जिथे वजनाचं ओझं वाटत नाही तिथे मात्र आंतरधातू संयुगं कधीच कामाला लागली आहेत. जर्मन बनावटीच्या २१२ वर्गाच्या पाणबुड्या हायड्रोजन धातूंतच साठवतात. पाणबुडीला नाहीतरी बुडण्यासाठी वजन हवंच असतं. आपल्या रस्त्यावरची इनोव्हा हायक्रॉस घ्या. तिच्या हायब्रिड मॉडेलची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची आहे, आणि तिच्या एका ध्रुवावर याच कुळातला धातू चार्जिंगला हायड्रोजन आत घेतो, डिस्चार्जला सोडतो. टोयोटाने २०२४ च्या जुलैमध्ये बिडकीनच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तेव्हा शहरात चर्चा झाली ती जमिनीची आणि नोकऱ्यांची. या धातूची कुणी केली नाही.

मामा : बरं, हा लँथॅनम-निकेल कुणी हिशेब करून काढला?

भाची : नाही. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत चुंबकांवर काम चाललं होतं. समेरियम-कोबाल्टचं चुंबक हायड्रोजन शोषतं असं १९६९ च्या सुमारास तिथे लक्षात आलं. मग तशाच रचनेची इतर संयुगं तपासली, त्यात हे सापडलं.

मामा : आणि ते लोखंड-टायटॅनियमवालं?

भाची : ते अमेरिकेत ब्रुकहेवनला, रायली आणि विसवॉल यांनी. १९७४ साली छापलं. तेही आधी वितळवून, मग मोजून.

मामा : झालं तर मग! जे जे कामाचं मिळालं ते भट्टीतून मिळालं. तुझ्या संगणकाने काय दिलं?

भाची : मामा, कामाचे साठ धातू धरा. तिघातिघांच्या जोड्या लावल्या तर चौतीस हजारांवर जातात. प्रत्येक तिकडीत प्रमाण बदललं की पुन्हा नवा पदार्थ. नमुन्याची एक लहान गोळी, म्हणजे बटन, वितळवायचं, एकजीव व्हावं म्हणून तापवत ठेवायचं, मग हायड्रोजन भरून-काढून दाबाचा आलेख घ्यायचा. एका नमुन्याला कित्येक दिवस जातात. सगळे वितळवणार कोण?

मामा : सगळे नकोतच. हाताला अंदाज येतो. चांगल्या फाउंड्रीवाल्याला चार्ज बघूनच कळतं.

भाची : ॲल्युमिनियमचं कळतं, कारण तुमच्याआधी दोन पिढ्यांनी ॲल्युमिनियम ओतलं. जे कुणी ओतलंच नाही त्याचा अंदाज हाताला कुठून येणार?

यावर मामा गप्प बसतील असं मला वाटत नाही, पण विषय बदलतील. तेव्हा हे गणित करतात तरी कसं, हे इथे सांगून टाकतो. लँथॅनम-निकेलच्या स्फटिकाचा सगळ्यात लहान, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा सहा अणूंचा. एक लँथॅनम, पाच निकेल. त्या अणूंचे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत, केंद्रांकडे ओढले जात कसे पसरतील हे काढलं की त्या तुकड्याची ऊर्जा मिळते. शंभरावर इलेक्ट्रॉनांचा एकत्र हिशेब कुणालाच जमणारा नाही. १९६४ आणि १९६५ साली वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग काढायची गरज नाही. जागोजागी त्यांची एकूण घनता किती, एवढं कळलं तरी ऊर्जा निघते. हाच घनता-फलन सिद्धांत. त्यासाठी कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता तीन ऊर्जा काढायच्या: रिकाम्या संयुगाची, हायड्रोजन भरलेल्या संयुगाची, आणि सुट्या हायड्रोजनची. वजाबाकी केली की भरताना किती उष्णता बाहेर पडेल ते कळतं. ही उष्णता फार महत्त्वाची. ती फार असेल तर धातू हायड्रोजन सोडत नाही, फार कमी असेल तर धरत नाही. क्वांटम एस्प्रेसोसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून साध्या सर्व्हरवरही हे गणित मांडता येतं. मोठ्या तुकड्यासाठी पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारखा महासंगणक लागतो. वीज गेली तर चाललेलं गणित मधेच तुटतं, म्हणून ठरावीक टप्प्यांवर ते जपून ठेवण्याची शिस्त इथली मुलं आधीच शिकतात.

मामा : उष्णता निघाली. मग दाब?

भाची : उष्णतेवरूनच. लँथॅनम-निकेलमध्ये दर मोल हायड्रोजनमागे साधारण ३१ किलोज्यूल. त्यावरून पंचवीस अंशांना दोन बारच्या जरा खाली दाब येतो.

मामा : आणि मे महिन्यात? आपल्याकडं शेडमध्ये पंचेचाळीसच्या खाली पारा नसतो.

भाची : पंचेचाळीसला पावणेचारच्या पुढं. दुपटीहून जास्त.

मामा : आता खरं सांग. तुझ्या त्या ३१ मध्ये किती इकडंतिकडं?

भाची : पाचेक किलोज्यूल इकडंतिकडं होऊ शकतं. कुठली अंदाजपद्धत वापरली त्यावर आहे. एक पद्धत बंध जास्त घट्ट दाखवते, दुसरी जरा सैल. शिवाय हायड्रोजन इतका हलका, की निरपेक्ष शून्य तापमानालाही तो जागेवर थरथरतो. ती ऊर्जा वेगळी धरावी लागते. न धरणारेही आहेत.

मामा : पाच म्हणजे दाबात किती?

भाची : साडेसातपट.

मामा : साडेसातपट! म्हणजे तू दोन बार सांगणार आणि तिथं पंधरा निघणार, नाहीतर पाव. पोरी, असा आकडा आमच्या ऑडिटला दाखवला असता तर ड्रॉइंग तिथंच टराटरा फाडलं असतं.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. हायड्रोजन साठवणुकीवर लिहिलेल्या कित्येक संगणकीय निबंधांत टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेली असते, आणि त्या आकड्याभोवतीची शंका एका वाक्यातही नसते. दाब घातांकाने बदलतो. उष्णतेतली छोटी चूक टाकीच्या भिंतीपर्यंत जाताना राक्षस होते. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने आकड्याच्या शेजारी त्याची चूक लिहायची सवय लावून घेतली, तर त्याच्या निबंधाला महागड्या प्रयोगशाळेतल्या निबंधाइतकंच वजन येईल. पण भाचीचं उत्तर मामांना वाटतं त्याहून भक्कम आहे.

भाची : एका पदार्थाचा दाब मला नेमका सांगता येणार नाही, कबूल. पण दोन सख्ख्या पदार्थांतला फरक बराच नीट सांगता येतो, कारण दोन्हीकडं चूक जवळपास सारखी होते आणि वजाबाकीत निघून जाते. निकेलच्या जागी थोडं ॲल्युमिनियम घातलं तर?

मामा : ॲल्युमिनियम?

भाची : तुमचंच. पाचातल्या ०.३ निकेलच्या जागी ॲल्युमिनियम. स्फटिक जरा फुगतो, फटी मोठ्या होतात, हायड्रोजन जास्त घट्ट बसतो. पंचवीस अंशांना दाब अर्ध्या बारच्याही खाली येतो. पंचेचाळीसला साधारण एक बार. हे मोजून सिद्ध झालंय, सत्तरच्या दशकातच. मात्र दाब किती उतरेल हे कळायला मोजणाऱ्यांना एकेक नमुना वितळवावा लागला. मला ॲल्युमिनियम, मँगनीज, कोबाल्ट, टिन अशी रांग लावून कोण दाब खाली नेईल, कोण वर, हे आधी सांगता येतं. मग वितळवायचे चारच राहतात.

मामा : म्हणजे तू चाळणी धरणार आणि वितळवणार दुसरा कुणीतरी.

भाची : चाळणीच नाही फक्त, कारणही सांगता येतं. धातूत दोन हायड्रोजनमधलं अंतर २.१ अँगस्ट्रॉमच्या खाली जात नाही, असा जुना नियम होता. लँथॅनम, निकेल आणि इंडियमच्या संयुगात ते १.६ निघालं. मोजणारेही चक्रावले. २००२ साली ओस्लोत काम करणाऱ्या पी. रवींद्रन आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून दाखवलं की तिथं हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन शेजारच्या धातूंकडं सरकलेले असतात, म्हणून दोघं इतके जवळ राहू शकतात. भट्टी हे कधीच सांगत नाही, मामा.

मामा : बरं. पण तुझ्या स्फटिकाला गंज चढतो का? लोखंड-टायटॅनियमच्या पावडरीवर ऑक्साइडचा थर बसला की हायड्रोजन आत शिरतच नाही असं ऐकलंय.

भाची : खरंय. सुरुवातीला ते चारशे अंशांपर्यंत तापवून हायड्रोजनमध्ये जागं करावं लागतं. माझ्या सहा-आठ अणूंच्या तुकड्यात तो थर नसतोच. पृष्ठभागाचं वेगळं गणित करता येतं, पण खरा गंजलेला पृष्ठभाग त्यात मावत नाही.

मामा : आणि पावडर? लँथॅनम-निकेलचं आकारमान चोवीस-पंचवीस टक्क्यांनी फुगतं म्हणालीस मागं. फुगणं-आकसणं झालं की धातूला तडे जाणार, पीठ होणार. ते पीठ बुडाशी दाबून बसलं की टाकी फुगवणार. आणि त्यात उष्णता अडकणार. पिठातून उष्णता कुठं जाते?

आता मामा स्वतःच्या अंगणात आले. भरताना संयुग उष्णता सोडतं, हे वर आलंच आहे. एक किलो हायड्रोजन लँथॅनम-निकेलमध्ये भरताना साधारण साडेपंधरा मेगाज्यूल बाहेर पडतात. तीस अंशांचं पन्नास लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला एवढी उष्णता पुरते. ती काढली नाही तर पावडर तापते. ऐंशी अंशांना तिचा दाब बारा बारपर्यंत चढतो. तेवढा जोर मागून नसेल तर भरणं थांबतं, टाकी अर्धी रिकामी राहते. काढताना नेमकं उलटं: उष्णता द्यावी लागते, नाहीतर पावडर थंड पडते आणि वायू येईनासा होतो. आंतरधातू संयुगाची टाकी म्हणजे निम्मी उष्णता-विनिमयाची यंत्रणा. विज्ञानाच्या लेखांत हे एका ओळीत उरकलेलं असतं, आणि प्रत्यक्षात सगळं त्यावरच अडतं.

भाची : त्याचंही मॉडेल असतं. अणूंचं नाही, टाकीचं. आतली नळी, पंख, पावडर, पाण्याचा वेग, सगळं मांडून मिनिटामिनिटाचं तापमान काढतात. तुम्ही डाय बनवायच्या आधी सिम्युलेशनमध्ये धातू कसा भरेल ते बघायचाच ना?

मामा : बघायचो. पण पहिला शॉट पडला की सिम्युलेशन दुरुस्त करायचो. पहिल्या शॉटशिवाय कुणी विश्वास ठेवला नाही.

भाची : मीही ठेवत नाही.

मामा : पंख कशाचे लावतात?

भाची : ॲल्युमिनियमचे. पावडरीतून उष्णता फारच हळू जाते, म्हणून पातळ पट्ट्या, नाहीतर ॲल्युमिनियमचा फेस.

मामा : हे आपल्याकडं होईल. डायला पाण्याच्या वाहिन्या कुठून न्यायच्या, कुठं भिंत पातळ ठेवायची, हे वाळूजमध्ये डोळे मिटून सांगणारे टूलरूमवाले आहेत. पण पाणी कुठलं आणणार? सिडकोत नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, तुला ठाऊकच आहे.

भाची : थंड करायचं पाणी फिरवून फिरवून वापरता येतं. हायड्रोजन करायला लागतं ते वेगळं. किलोला नऊ लिटर, शुद्धीकरण आणि थंडावा धरला तर दुप्पट-तिप्पट. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, १९,७४४ कोटींची. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टनांचं उद्दिष्ट आहे. सगळ्या देशाच्या त्या हायड्रोजनमध्ये जाणारं नुसतं पाणी जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास.

मामा : दोन टक्के कमी वाटतात ते जायकवाडी भरलेली असते तेव्हा.

याला भाचीकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही, आणि ते संगणकातून निघणारही नाही.

पण मामांनी उभा केलेला पंचेचाळीस अंशांचा प्रश्न मला या सगळ्यात मोलाचा वाटतो. जगभरातल्या संगणकीय शोधाला अमेरिकी ऊर्जा खात्याच्या लक्ष्यांनी दिशा दिली, आणि ती लक्ष्यं मोटारीसाठी होती: वजनाच्या साडेपाच, साडेसहा टक्के हायड्रोजन. त्या मापाने लोखंड-टायटॅनियम नापास. पण शेंद्र्यातल्या कारखान्याच्या छपरावरची दुपारची सौरवीज रात्रीपर्यंत टिकवायची असेल, तर टाकी जमिनीवर उभी राहणार आहे. ती पाच टनांची असली तरी कुणाला उचलायची नाही. तिथे विचारायचं ते हे: दाब दहा बारच्या आत राहील का, मेच्या दुपारी भरता येईल का, धातू स्वस्त आहे का. हे प्रश्न घालून चाळणी लावली, तर यादीतली नावं बदलतात. ब्रुकहेवनने १९७० च्या दशकातच न्यू जर्सीच्या वीजकंपनीसाठी लोखंड-टायटॅनियमची साठवण टाकी बांधली होती. ती कल्पना तेव्हा मागे पडली. दुपारी स्वस्तात मिळणारी सौरवीज तेव्हा नव्हती. आणि टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे.

भाची : मँगनीज घातलेलं लोखंड-टायटॅनियम घेऊ. शंभरात पावणेदोन-दोन हायड्रोजन. मँगनीजने ते जागंही लवकर होतं. पंचवीसला अडीच बारच्या आसपास, पंचेचाळीसला साडेपाच.

मामा : हे तुझं गणित की मोजलेलं?

भाची : मोजलेलं. माझं गणित यापुढचं आहे. मँगनीजच्या जोडीला आणखी एक धातू थोडा घालून पंचेचाळीसचा दाब तीनवर आणायचा. दोन नावं वर आलीत.

मामा : आणि त्या तीनला साडेसातपट वर-खाली.

भाची : मोजलेल्या साडेपाचपासून फरक काढलाय, म्हणून तेवढी नाही. दीड ते सहा धरा.

मामा : मग टाकीची भिंत सहाची धरायची, आणि गरम पाण्याची सोय दीडची. दोन्हीकडून खर्च. त्यापेक्षा आधी वितळवून बघ. आपल्या इंडक्शनवर होईल?

भाची : नाही होणार. टायटॅनियम क्रुसिबललाच खातं. आर्गॉनमध्ये आर्क मेल्टिंग करावं लागतं, पाणी फिरवून गार ठेवलेल्या तांब्याच्या पाटावर. वीस ग्रॅमचं बटन पुरे. उलटंपालटं करत चार-पाचदा वितळवायचं, म्हणजे एकजीव होतं. मग तीस, पंचेचाळीस आणि साठ अंशांना दाब मोजला, की उष्णता थेट हातात येते. माझी पाच किलोज्यूलची चूक तिथंच कळेल.

मामा : दोन नावं म्हणालीस. दोन्ही कर. आणि तिसरं बटन नुसत्या मँगनीजवाल्याचं कर.

भाची : त्याचे आकडे तर आहेत की.

मामा : म्हणूनच. ते बरोबर आलं नाही, तर बाकीच्या दोघांवर मी सही करणार नाही.